76 आणि 77 : एका स्लॅबच्या हिशेबात जुळलेली दोन चुकीची उत्तरे

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातले आहे. घरमालक कापूस पिकवणारे शेतकरी असून गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचे वडिलोपार्जित घर मातीच्या धाब्याचे होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकायची, गळू लागले की घरातील भांडी त्याखाली मांडायची, हा क्रम दोन पिढ्या चालला होता. मागील बाजूच्या खोल्या उतरवून तेथे पक्क्या बांधकामाच्या खोल्या काढायच्या आणि पावसाळ्याच्या आत त्यांवर स्लॅब टाकून घ्यायचा, असे नानांनी ठरवले. पाया, कॉलम आणि भिंती यांचे काम मार्च महिन्यात पूर्ण झाले आणि एप्रिलमध्ये स्लॅबच्या सामानाचा प्रश्न उभा राहिला. माझे धुळ्यात नकाशे काढून देण्याचे आणि अंदाजपत्रके करण्याचे लहानसे कार्यालय आहे. या घराचा नकाशा आमच्याकडचा, सळयांची मांडणी आमच्या ओळखीच्या स्ट्रक्चरल अभियंत्याची. तरीही मला या कामात बोलावले गेले ते नकाशासाठी नव्हे, तर घरात आकड्यांवरून वाद सुरू झाला म्हणून.

वादाचे मूळ नानांच्या भाच्याच्या मोबाइलमध्ये होते. मुलगा हुशार आहे, पुण्याला संगणकाचे काम करतो आणि सुट्टीत मामाकडे आला होता. गवंडी मिस्तरींनी तोंडी सांगितलेल्या आकड्यावर सामान मागवण्याऐवजी इंटरनेटवरील फुकट कॅल्क्युलेटरने हिशेब करून पाहावा, असे त्याने सुचवले. सूचना रास्त होती. लांबी, रुंदी आणि जाडी भरली की काँक्रीट किती, सिमेंट किती, वाळू किती, हे क्षणात सांगणारी अशी अनेक साधने आज उपलब्ध आहेत आणि मी स्वतः ती रोज वापरतो. त्यांचा गुणाकार चुकत नाही. मात्र या प्रकरणात गुणाकार एकदाही न चुकता तीन वेळा उत्तर चुकले, आणि त्यांतील दोन चुकीची उत्तरे एकमेकांशी इतकी जुळली की घरातील सर्वांचा त्यांवर विश्वास बसला.

मोजमाप

आधी खरी मापे नोंदवतो, कारण पुढील सर्व हिशेब त्यांवर आहे. स्लॅब बाहेरून बाहेर 30 फूट × 22 फूट असून त्याची जाडी नकाशाप्रमाणे 5 इंच होती. क्षेत्रफळ 660 चौरस फूट. जाडी फुटांत 0.4167, म्हणून स्लॅबचे काँक्रीट 275 घनफूट, म्हणजे पावणेतीन ब्रास. आपल्याकडे 100 घनफुटांचा एक ब्रास धरतात. देशाने मेट्रिक मापे स्वीकारून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बांधकामावर वाळू, खडी आणि काँक्रीट अजून ब्रासमध्येच बोलले जाते. घनमीटरमध्ये सांगायचे तर एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर.

स्लॅबखाली चारही बाजूंनी आणि मध्यभागी आडवा असे बीम होते. मधल्या बीमखाली एक कॉलम होता. बीमची रुंदी 9 इंच आणि स्लॅबखाली लोंबणारी उंची 10 इंच. कोपऱ्यांत दोनदा मोजले जाऊ नये म्हणून वजावट करून बीमची एकूण लांबी 121.5 फूट भरते आणि त्याचे काँक्रीट सुमारे 76 घनफूट होते. म्हणजे एकाच दिवशी ओतायचे एकूण काँक्रीट 351 घनफूट, साडेतीन ब्रास. बीम स्लॅबबरोबरच भरले जातात. ते वेगळे काम नाही, पण मोबाइलवर ‘स्लॅब’ असे नाव असलेल्या चौकटीत त्यांना जागा नसते.

459 गोण्या

भाच्याने उघडलेले पहिले कॅल्क्युलेटर अमेरिकन होते. फूट आणि इंच दोन्ही भरता येत असल्याने त्याला ते सोयीचे वाटले. 30, 22 आणि 5 हे आकडे त्याने अचूक भरले आणि उत्तर आले 10.19 घनयार्ड. त्याखाली ठळक अक्षरांत 459 गोण्या. हा आकडा ऐकून नाना म्हणाले, “इतल्या गोण्यास्मा तं आख्खं गाव बांधाई जाई.” मिस्तरी काही बोलले नाहीत. त्यांनी तोंडातली सुपारी तेवढी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

उत्तर चुकीचे नव्हते, प्रश्न वेगळा होता. अमेरिकेत घरगुती कामासाठी सिमेंट, वाळू आणि खडी आधीच मिसळलेली कोरडी गोणी मिळते. पाणी घातले की काँक्रीट तयार होते. 80 पौंडांची, म्हणजे सुमारे 36 किलोंची अशी एक गोणी 0.6 घनफूट जागा भरते. 275 ला 0.6 ने भागले की 458.3 येतात, पूर्णांकात 459. गोणी या शब्दाने आपल्याकडे फक्त सिमेंटची 50 किलोंची गोणी समजली जाते, तर त्या साधनाच्या लेखी गोणीत सगळेच असते. हा घोटाळा इतका ढोबळ होता की तो लगेच ओळखला गेला. ढोबळ चुकीची भीती मला फारशी वाटत नाही, कारण ती स्वतःच ओरडून सांगते.

जुळलेली उत्तरे

खरी अडचण यानंतर सुरू झाली. भाच्याने आता भारतीय पद्धतीचे कॅल्क्युलेटर शोधले. त्यात काँक्रीटची प्रत निवडायची सोय होती. त्याने नकाशावरील एम-20 ही प्रत आणि सिमेंट, वाळू व खडीचे 1 : 1.5 : 3 हे प्रमाण निवडले, हेही बरोबर केले. मात्र या साधनात सर्व मापे फुटांत मागितली होती. जाडीच्या रकान्यात त्याने 0.5 लिहिले.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. पाच इंच म्हणजे अर्धा फूट नव्हे. फुटाचे बारा भाग असतात, दहा नव्हे. म्हणून अर्धा फूट म्हणजे 6 इंच आणि 5 इंच म्हणजे 0.4167 फूट. शिकलेल्या माणसाच्या हातून ही चूक अधिक होते, कारण त्याचे बोट दशांश चिन्हावर सहज जाते. खोलीची लांबी 10 फूट 10 इंच असेल तर ती 10.10 अशी भरणारे लोक मला दर महिन्याला भेटतात, आणि कॅल्क्युलेटर ती 10 फूट सव्वा इंच समजून मुकाट्याने पुढे जाते. टेप हातात धरून काम करणाऱ्या मिस्तरीकडून ही चूक होत नाही. तो साडेनऊ फूट म्हणतो तेव्हा त्याला 9 फूट 6 इंचच दिसत असतात.

0.5 भरल्यामुळे स्लॅब 275 ऐवजी 330 घनफूट झाला, म्हणजे थेट 20 टक्के जास्त. साधनाने त्याला 1.54 ने गुणले. हा आकडा कोठून येतो, हे बहुतेक पानांवर सांगितलेले नसते. खडीच्या पोकळ्यांत वाळू शिरते, वाळूच्या पोकळ्यांत सिमेंट शिरते आणि पाणी घालून दाबल्यावर ढीग आटतो. म्हणून 100 घनफूट ओल्या काँक्रीटसाठी सुमारे 154 घनफूट कोरडे सामान धरतात. कोणी 1.52 धरतात, कोणी 1.57. यानंतर प्रमाणातील तिन्ही आकड्यांच्या बेरजेने, म्हणजे 5.5 ने भागून सिमेंटचा वाटा निघतो आणि त्याला एका गोणीच्या घनफळाने भागले की गोण्यांची संख्या मिळते. 50 किलोंची गोणी 0.0347 घनमीटर, म्हणजे साधारण 1.225 घनफूट धरली जाते. भाच्याला उत्तर मिळाले 75.4, म्हणजे 76 गोण्या.

खात्री करून घ्यावी म्हणून त्याने तिसरे साधन उघडले, आणि ही त्याची वृत्ती मला आवडली. येथे जाडी इंचांत भरता येत होती. त्याने 5 भरले. प्रमाण तेच, 1.54 देखील तेच. घनफळ बरोबर 275 आले. उत्तर आले 77 गोण्या. मात्र या साधनात गोणीचे वजन आधीच भरून ठेवलेले होते आणि तो रकाना पानाच्या तळाशी, घडी उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी होता. तेथे 94 पौंड असे लिहिलेले होते. अमेरिकेतील सिमेंटची प्रमाण गोणी 94 पौंडांची, म्हणजे 42.6 किलोंची असते आणि तिचे घनफळ बरोबर एक घनफूट धरतात. आपल्या 50 किलोंच्या गोणीने हाच हिशेब केला असता 63 गोण्या आल्या असत्या.

एका साधनात जाडी चुकली, दुसऱ्यात गोणी चुकली, आणि दोन्हीकडे बीम गाळले गेले. तरीही 76 आणि 77 शेजारी शेजारी उभे राहिले. त्यातच मिस्तरींचा आकडा होता 82 ते 85. मिस्तरी नेहमी थोडे वाढवून सांगतात, असा घरातील समज आधीपासूनच होता. त्यामुळे “संगणक दोनदा 76-77 म्हणतो, मिस्तरी पाच-सात गोण्या जास्तीच्या सांगत आहेत” असा निष्कर्ष निघाला आणि मिस्तरींकडे पाहण्याची नजर बदलली. मिस्तरींना ते जाणवले. त्यांनी “मग साहेबांनाच बोलवा” असे म्हटले, आणि मी धुळ्याहून गेलो.

ओसरीवर बसून मी भाच्याकडून तिन्ही पाने पुन्हा उघडून घेतली. उत्तर पाहण्याआधी प्रत्येक रकान्यात काय भरले आणि काय आधीच भरलेले होते, ते कागदावर उतरवायला सांगितले. पंधरा मिनिटांत त्याने जाडीची चूक स्वतः पकडली. गोणीचे वजन पकडायला थोडा अधिक वेळ लागला. बीमचा प्रश्न मी विचारला. योग्य जाडी, योग्य गोणी आणि बीमसह 351 घनफूट घेतल्यावर उत्तर आले 80.2, म्हणजे 81 गोण्या. सांडलवंड आणि सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या साच्याच्या, फटींतून जाणारा माल धरला तर 82 ते 85.

मग मिस्तरींना विचारले की त्यांनी आकडा कसा काढला. उत्तर एका वाक्याचे होते : ब्रासला तेवीस गोण्या, आणि काँक्रीट साडेतीन ब्रास. मी तेथेच करून पाहिले. 100 ला 1.54 ने गुणून, 5.5 ने आणि 1.225 ने भागले की 22.86 येतात. त्या साधनातील संपूर्ण आकडेमोड मिस्तरींच्या ‘तेवीस’ या एका शब्दात बसलेली होती, आणि बीम तर त्यांनी पहिल्याच क्षणी धरले होते, कारण बीमचे सेंट्रिंग त्यांनी स्वतः उभे केले होते.

येथे एक नोंद आवश्यक आहे. मिस्तरींचे तेवीस हे एम-20 च्या 1 : 1.5 : 3 प्रमाणासाठीच खरे आहे. पूर्वी सर्रास वापरले जाणारे 1 : 2 : 4 हे प्रमाण घेतले तर गोण्या कमी लागतात. आयएस 456 या 2000 सालच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंडी सळयांच्या काँक्रीटसाठी एम-20 पेक्षा खालची प्रत चालत नाही. तेव्हा सामान वाचवण्यासाठी रकान्यात प्रमाण बदलून पाहण्याचा मोह काही घरमालकांना होतो, तो येथेच थांबवला पाहिजे. नानांनीही एकदा विचारून पाहिले होते.

सळया

लोखंडाच्या हिशेबातही असाच गोंधळ होऊ शकला असता, पण तो टळला तो एका गमतीदार योगायोगाने. परदेशी साधनात सळई मिलिमीटरमध्ये नव्हती, क्रमांकात होती : 3, 4, 5. भाचा अडखळला. मिस्तरींच्या फिटरने, म्हणजे सळया कापून बांधणाऱ्या कारागिराने, मात्र ओझरते पाहून ‘तीन सुती, चार सुती’ म्हटले, आणि ते बरोबर होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अमेरिकेतील सळईचा क्रमांकही इंचाच्या आठव्या भागांतच मोजला जातो. आपल्याकडे दहा मिलिमीटरच्या सळईला अजून तीन सुती आणि बारा मिलिमीटरच्या सळईला चार सुती म्हणतात. फरक इतकाच की त्यांची चार क्रमांकाची सळई खरोखर अर्ध्या इंचाची, 12.7 मिलिमीटरची असते, आपली 12 ची. वजन व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून एवढ्याशा फरकाने वजनात सुमारे 12 टक्क्यांची तफावत पडते. आपल्या सळईसाठी व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सूत्र पुरेसे आहे : 8 मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला 0.395 किलो, 10 चे 0.617, 12 चे 0.889.

स्लॅबच्या एका दिशेला 8 मिलिमीटरच्या सळया 6 इंच अंतराने होत्या. 30 फुटांत अशी 60 अंतरे येतात आणि सळया 61. शेवटची एक सळई कॅल्क्युलेटर धरते की नाही, हे तपासून पाहावे लागते. प्रत्येकीची लांबी 22 फूट, एकूण 1342 फूट. साधनाने याला 12 मीटरच्या, म्हणजे 39 फूट 4 इंचांच्या सळईने भागून 34.1 असे उत्तर दिले आणि 35 सळया मागवा असे सांगितले.

पण सळई कापावी लागते, आणि कापल्यावर उरलेला तुकडा हवेत विरघळून पुढच्या सळईला जोडला जात नाही. एका सळईतून 22 फूट निघाले की 17 फूट 4 इंच उरतात. फिटरने आखणी अशी केली : तीन सळयांचे असे तीन तुकडे घ्यायचे, त्यांपैकी एकाचे 6 फूट 2 इंचांचे दोन भाग करायचे आणि ते उरलेल्या दोन तुकड्यांना जोडायचे. जोडासाठी दीड फूट एकमेकांवर चढवायचे. एम-20 काँक्रीट आणि 500 प्रतीचे लोखंड असताना हा चढाव व्यासाच्या सुमारे 57 पट लागतो, म्हणजे 8 मिलिमीटरला साधारण दीड फूट. अशा रीतीने तीन सळयांतून पाच पट्ट्या निघतात आणि 61 साठी 37 सळया लागतात. जोड एका रांगेत येऊ नयेत म्हणून त्याने एकाआड एक टोके उलटी केली. 35 आणि 37 यांतला फरक लहान आहे, परंतु दोन सळया कमी पडल्या म्हणून शनिवारी संध्याकाळी अमळनेरच्या दुकानापर्यंत मोटारसायकलवर जाण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला तो लहान वाटणार नाही. बीमवरून जाणाऱ्या वरच्या बाजूच्या सळया या साधनात मुळातच नव्हत्या. त्या नकाशावरून मोजून घेतल्या.

माझी चूक

आतापर्यंतच्या वर्णनावरून मी सर्व काही तपासले असे वाटेल. तसे झाले नाही.

हिशेबाप्रमाणे वाळू 147 घनफूट आणि खडी 295 घनफूट लागणार होती, म्हणजे दीड ब्रास वाळू आणि तीन ब्रास खडी. वाळूच्या दोन आणि खडीच्या तीन ट्रॉल्या मागवल्या गेल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली एक ब्रासची, असे गावात सगळे धरून चालतात आणि मीही धरून चाललो. ज्या माणसाने ओसरीवर बसून दुसऱ्याला प्रत्येक रकाना तपासायला लावला, त्याने अंगणात उभ्या असलेल्या ट्रॉलीला टेप लावला नाही. ट्रॉली आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि फळीपर्यंत दीड फूट खोल होती. म्हणजे 90 घनफूट. तीन ट्रॉल्यांची खडी 300 नव्हे, 270 घनफूट पडली होती.

दुसराही एक लहान फरक होता. कामावर माल मोजायला एक फूट × एक फूट × सव्वा फूट मापाचा फरमा होता, म्हणजे 1.25 घनफूट. एका गोणीला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. कॅल्क्युलेटर गोणीमागे 3.68 घनफूट खडी धरते, फरमा 3.75 टाकतो. फरक नगण्य दिसतो, पण 80 गोण्यांवर तो सहा घनफूट होतो.

स्लॅबचे काम सकाळी साडेसहाला सुरू झाले. एप्रिल अखेरचे ऊन वर येण्याआधी निम्मे काम उरकावे, असा बेत होता. मिक्सर एका गोणीचा होता आणि रिकाम्या गोण्या मोजून बाजूला रचण्याचे काम नानांच्या धाकट्या मुलाकडे होते. पन्नासावी गोणी संपली तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मिस्तरी वरून खाली उतरले, खडीच्या ढिगाभोवती एक फेरी मारली, पायाने एका बाजूची खडी ओढून पाहिली आणि म्हणाले की वीस-बावीस गोण्यांची खडी आहे, तीसची नाही. मी कागद काढला. 270 ला 3.75 ने भागले की बरोबर 72 येतात.

त्याच क्षणी फोन केला गेला. खडी फोडण्याची मशीन गावापासून लांब आणि ट्रॅक्टर दुसऱ्या खेपेला गेलेला. बहात्तरावी गोणी साडेबाराला संपली आणि चौथी ट्रॉली एक वाजून दहा मिनिटांनी आली. मधली चाळीस मिनिटे आमच्यापैकी कोणालाही लवकर विसरता येणार नाहीत. त्या उन्हात काँक्रीटची उघडी कड घट्ट होऊ लागते आणि नंतरचे काँक्रीट तिला नीट चिकटत नाही. तेथे सांधा राहतो आणि पुढे पाणी तेथूनच झिरपते. मिस्तरींनी मात्र पन्नासाव्या गोणीनंतर कामाची दिशा बदलून ठेवली होती. कड सरळ आडव्या रेषेत ठेवली, तिच्यावर भिजवलेली गोणपाटे टाकली आणि खडी आल्यावर कड तारेच्या ब्रशने घासून, सिमेंटचा पातळ घोळ लावून मगच पुढचा माल टाकला. एकूण 83 गोण्या लागल्या. मागवल्या होत्या 86.

पाणी

सिमेंट आणि खडीच्या मागे लागलेल्या कोणत्याच साधनाने पाण्याचा हिशेब दिला नव्हता. खान्देशात उन्हाळ्यात तो सिमेंटइतकाच महत्त्वाचा असतो. आयएस 456 मधील नाममात्र प्रमाणांच्या कोष्टकानुसार एम-20 साठी 50 किलो सिमेंटमागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, म्हणजे 83 गोण्यांना सुमारे 2,500 लिटर. हे मिसळायचे पाणी झाले. त्यानंतर स्लॅबवर मातीच्या पाळी घालून 2 इंच पाणी साठवायचे, त्याला 110 घनफूट, म्हणजे 3,115 लिटर लागतात, आणि ते एकदाच भरून भागत नाही, कारण त्या उन्हात रोज काही पाणी उडून जाते. उष्ण व कोरड्या हवेत किमान 10 दिवस पाणी ठेवावे असे मानक सांगते, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर 14 दिवसांपर्यंत वाढवावे असे सुचवते. नानांचे सिमेंट राखमिश्रित होते, म्हणून 14 दिवस ठरले.

भाच्याने हा हिशेबही मोबाइलवर केला. साधनाने 823 गॅलन दाखवले आणि त्याने शाळेत शिकल्याप्रमाणे साडेचारने गुणून 3,700 लिटर काढले. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा असतो, साडेचार लिटरचा ब्रिटिश गॅलन वेगळा. या चुकीने नुकसान झाले नाही. टँकरवाल्याला थोडे अधिक पाणी सांगितले गेले आणि ते तिसऱ्याच दिवशी वापरून संपले.

कर्ज

प्रकरणाचा शेवटचा भाग बांधकामाचा नाही, पण त्याच मोबाइलवरचा आहे. सामानासाठी नानांनी तीन लाख रुपये कर्ज काढायचे ठरवले होते. एका ठिकाणी दर 12 टक्के, मुदत पाच वर्षे असे सांगितले गेले. भाच्याने हप्त्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे भरले, हप्ता 6,673 रुपये आला. देणाऱ्याच्या कागदावर मात्र 8,000 रुपये होते. नानांना वाटले पुन्हा काहीतरी रकाना चुकला.

या वेळी कोणताही रकाना चुकलेला नव्हता. कॅल्क्युलेटर घटत्या शिलकीवर व्याज काढत होते, म्हणजे जितके मुद्दल फिटेल तितके व्याज कमी. कर्ज देणारा सरसकट व्याज लावत होता : तीन लाखांवर पाच वर्षांचे व्याज 1,80,000, एकूण 4,80,000, भागिले 60. मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. हाच 8,000 चा हप्ता घटत्या पद्धतीने मोजला तर दर वर्षाला सुमारे 20.3 टक्के पडतो. पाच वर्षांत फरक जवळपास 79,600 रुपयांचा, आणि तो 83 गोण्यांच्या सिमेंटच्या किमतीपेक्षा बराच मोठा. कापसाची खंडी 356 किलोंची आणि धान्याची खंडी वीस मणांची, शब्द एक असला तरी माप वेगळे, हे नानांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे ‘बारा टक्के’ही दोन प्रकारचे असतात हे त्यांना एका वाक्यात समजले. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी चौकशी केली, तेथे घटत्या शिलकीवर कर्ज मिळाले.

उरलेल्या तीन गोण्या पुढच्या ओट्याला वापरल्या गेल्या. हिशेबाचा कागद नानांच्या कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवलेला आहे. त्यावर डाव्या बाजूला भाच्याच्या अक्षरात सगळी गृहीतके एकाखाली एक लिहिलेली आहेत : जाडी 5 इंच, म्हणजे 0.4167. गोणी 50 किलो. प्रमाण 1 : 1.5 : 3. कोरड्या मालासाठी 1.54. बीम धरले. सळई 61, जोड दीड फूट. सर्वांत खाली, वेगळ्या शाईने, माझ्या हस्ताक्षरात एक ओळ आहे : ट्रॉली 90.